परदेशात दुखणे अंगावर काढू नये
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी समाजातील एखादा तरुण उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला, की त्याला निरोप देण्यासाठी सारी पेठ गोळा होत असे. आज चित्र पालटले आहे. आता मुलांच्या मागोमाग आईवडिलांचेही पासपोर्ट तयार होतात. सुनेचे किंवा मुलीचे बाळंतपण, नातवंडांचे संगोपन, नव्या घराचा वास्तुप्रवेश अशा निमित्तांनी साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी चार-सहा महिने अमेरिकेत जाऊन राहतात. काही दांपत्यांचे तर निम्मे वर्ष तिकडे आणि निम्मे वर्ष इकडे जाते. आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्या सामानात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा डबाही असतो. ज्या वयात आजाराची शक्यता अधिक, त्याच वयात माणूस पूर्णपणे अनोळखी व्यवस्थेत जाऊन राहतो. तेथे अचानक प्रकृती बिघडली तर मदत कशी मिळवावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेची आहेत, कारण समाजातील बहुसंख्य कुटुंबांचा संबंध त्या देशाशी येतो.

प्रथम एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. गावी रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर शेजारचे दार ठोठावले जाते, ओळखीच्या डॉक्टरांना उठवले जाते, कोणाची तरी गाडी निघते. येथील मदत नात्यांच्या आणि ओळखीच्या वाटेने येते. अमेरिकेतील उपनगरात शेजाऱ्याचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि डॉक्टर घरी येण्याची पद्धत जवळजवळ संपलेली आहे. तेथील मदत यंत्रणेच्या वाटेने येते. ती यंत्रणा तत्पर आहे, पण तिला हाक मारावी लागते. हाक न मारणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही. दुखणे अंगावर काढण्याची जी सवय येथे सहनशीलता म्हणून वाखाणली जाते, तीच तेथे घातक ठरते.

हाक मारण्याच्या आड येणारे संकोच प्रामुख्याने चार आहेत. मुलांना त्रास नको हा पहिला, भाषेचा दुसरा, खर्चाचा तिसरा आणि आचारधर्माचा चौथा. त्यांचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

समजा, शिकागोजवळच्या एका घरात दुपारचे बारा वाजले आहेत. मुलगा आणि सून कामावर गेले आहेत. घरात आजी, आजोबा आणि दोन वर्षांची नात आहे. आजोबांचे तोंड एका बाजूला ओढल्यासारखे दिसू लागते, शब्द अडखळतात, उजवा हात वर उचलत नाही. आजींचा पहिला फोन मुलाला जातो. तो बैठकीत असतो. दुसरा सुनेला जातो. तिचा फोन बंद असतो. तिसरा फोन गावाकडच्या डॉक्टरांना जातो. उन्हाळ्यात शिकागोत दुपारचे बारा म्हणजे येथे रात्रीचे साडेदहा. ते सांगतात, ‘ताबडतोब रुग्णालयात न्या.’ पण न्यायचे कोणी? मुलगा येईपर्यंत आजोबांना पडून राहण्यास सांगितले जाते आणि तास निघून जातो.

ही लक्षणे पक्षाघाताची आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या अवधीतही जितका उशीर तितका गुण कमी. शिवाय औषधापूर्वी मेंदूचे सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. म्हणून तेथील डॉक्टर विचारतात तो पहिला प्रश्न असा असतो : रुग्ण शेवटचा ठणठणीत असा कधी दिसला होता? आजींनी घड्याळाकडे पाहून ती वेळ लक्षात ठेवली असेल, तर तेवढ्या एका माहितीने उपचाराची दिशा ठरू शकते. रुग्ण झोपेतून उठतानाच लक्षणे दिसली, तर वेळ सामान्यतः उठल्यापासून नव्हे, झोपण्यापूर्वी तो ठीक होता तेव्हापासून मोजली जाते.

हृदयविकाराचेही तसेच आहे. छातीवर दडपण येणे, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे, घाम फुटणे ही लक्षणे परिचित आहेत. परंतु स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ न येता केवळ दम लागणे, मळमळणे, पाठ भरून येणे किंवा कमालीचा थकवा एवढ्यावरच झटका येऊ शकतो. त्याला ‘पित्त झाले’ असे म्हणून लिंबू-सरबत घेऊन पडून राहणाऱ्या गृहिणी थोड्या नाहीत.

अशा वेळी पहिला फोन मुलाला नव्हे, ९११ या क्रमांकाला करावा. हा क्रमांक अमेरिकेत १९६८ साली सुरू झाला. पहिला फोन त्या वर्षीच्या १६ फेब्रुवारीला अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहान गावातून झाला. कॅनडातही हाच क्रमांक चालतो. अमेरिकेत ज्या मोबाइलची सेवा बंद पडलेली आहे, त्यावरूनही ९११ लावता येतो. म्हणून मुलाचा जुना मोबाइल चार्ज करून स्वयंपाकघरात ठेवण्यास हरकत नाही. मुलाला दुसरा फोन करावा. मुलांना त्रास नको म्हणून थांबणाऱ्या आईवडिलांनी हेही लक्षात घ्यावे, की वेळेवर बोलावलेल्या रुग्णवाहिकेचा मुलांना होणारा त्रास काही तासांचा असतो. उशिराने झालेल्या उपचारांचा त्रास आयुष्यभर पुरतो.

आता भाषेचा संकोच. ‘इंग्रजी येत नाही, तर फोनवर काय सांगणार?’ हा प्रश्न विशेषतः भगिनींकडून येतो. ९११ वर बोलणारी व्यक्ती सर्वप्रथम पत्ता विचारते. मोबाइलवरून केलेल्या फोनचे ठिकाण यंत्रणेला अंदाजाने कळते, पण मोठ्या इमारतीतील मजला आणि घराचा क्रमांक कळेलच असे नाही. म्हणून घराचा पूर्ण पत्ता देवनागरी लिपीत, इंग्रजी उच्चारांप्रमाणे, मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावा. त्याखाली चार-पाच शब्द पुरेत : ‘ॲम्ब्युलन्स’, ‘हार्ट अटॅक’, ‘स्ट्रोक’, ‘नॉट ब्रीदिंग’, ‘फॉल’. पुढचे बोलणे जमत नसेल तर ‘मराठी’, ‘हिंदी’ किंवा ‘गुजराती’ असा भाषेचा केवळ उच्चार करावा. अनेक केंद्रे दूरध्वनीवरील दुभाष्याला त्याच संभाषणात जोडून घेतात. दुभाषी येईपर्यंत फोन ठेवू नये. चुकून क्रमांक लागला असला तरीही फोन बंद न करता तसे सांगावे. अन्यथा तेथून उलट फोन येतो किंवा पोलीस चौकशीस येतात.

रुग्ण बेशुद्ध असेल आणि श्वास घेत नसेल, तर फोनवरची व्यक्ती बहुधा छाती दाबण्याच्या सूचना देते. त्या पाळाव्यात. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून सुमारे पाच सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहायचे असते. हृदय थांबलेल्या माणसासाठी रुग्णवाहिका येईपर्यंतची ती मिनिटे सर्वांत मोलाची असतात. छातीत दुखणाऱ्या रुग्णाला ॲस्पिरिन चघळण्यास सांगितले जाण्याची शक्यता असते. ती त्यांच्या सूचनेनेच द्यावी, आणि ॲलर्जी किंवा पोटातील रक्तस्रावाचा पूर्वेतिहास असल्यास आधी सांगावे. पक्षाघाताचा संशय असेल तर मात्र ॲस्पिरिन किंवा तोंडाने काहीही देऊ नये.

दाराचे कुलूप काढून ठेवावे, रात्र असल्यास बाहेरचा दिवा लावावा. कित्येकदा रुग्णवाहिकेच्या आधी अग्निशामक दलाची गाडी दारात उभी राहते. आग लागलेली नसताना ती पाहून गोंधळू नये. त्या दलातील जवान प्रथमोपचारांत प्रशिक्षित असतात. स्वतः गाडी चालवून रुग्णाला नेण्याचा मोह टाळावा. रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित सेवक वाटेतच हृदयाचा आलेख काढतात, उपचार सुरू करतात आणि रुग्णालयाला आगाऊ सूचना देतात. खाजगी गाडीत यांपैकी काहीच नसते.

रुग्णालयात पोचल्यावर दुभाषी मागणे हा उपकार नसून हक्क आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यान्वये केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना इंग्रजी न येणाऱ्या रुग्णांसाठी विनामूल्य भाषासाहाय्य द्यावे लागते. हे काम नातवंडांवर टाकू नये. दहा वर्षांच्या मुलाने आजोबांच्या गंभीर आजाराचे भाषांतर करणे त्याच्यासाठीही क्लेशदायक आणि उपचारांसाठीही धोक्याचे असते.

येथे पद्धतीतील आणखी एक फरक सांगितला पाहिजे. आपल्या घरांत वडीलधाऱ्या माणसापासून गंभीर आजार लपवण्याची रीत आहे. निर्णय मुलगा घेतो. अमेरिकेत रुग्ण शुद्धीवर असेल तर डॉक्टर थेट त्यालाच सर्व सांगतात आणि त्याचीच संमती घेतात. १९९६ च्या एका कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन आहे, त्यामुळे नातलगांना काय सांगायचे याबाबत तेथील कर्मचारी सावध असतात. म्हणून ‘माझ्या मुलाला आणि सुनेला सर्व सांगावे’ असे रुग्णाने आरंभीच स्पष्ट म्हणावे. आपण बोलण्याच्या स्थितीत नसल्यास निर्णय कोणी घ्यावा, याचा लेखी अधिकारही तेथे आधी देऊन ठेवता येतो. प्रत्येक राज्याचा नमुना निराळा असतो. हा कागद मृत्युपत्रासारखा अशुभ मानण्याचे कारण नाही. त्यामुळे मुलांच्या मनावरचे ओझे हलके होते.

तिसरा संकोच खर्चाचा, आणि तो निराधार नाही. अमेरिकेतील उपचार जगात सर्वांत महाग समजले जातात. अतिदक्षता विभागातील काही दिवसांचे बिल आयुष्यभराची बचत संपवू शकते. परंतु दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत : उपचार मिळणे आणि बिल चुकते करणे. १९८६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे, सरकारच्या मेडिकेअर योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची तपासणी करणे आणि जिवाचा धोका असल्यास प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. त्या व्यक्तीकडे विमा आहे काय, ती कोणत्या देशाची नागरिक आहे, या चौकशीसाठी तपासणी लांबवता येत नाही. देशातील बहुतेक सर्व रुग्णालये या नियमाखाली येतात. याचा अर्थ उपचार फुकट मिळतात असा नव्हे. बिल मागाहून येतेच. परंतु पैसे नाहीत म्हणून दारातून परत पाठवले जाईल, या भीतीने घरी थांबू नये.

बिल आल्यावरही घाईने क्रेडिट कार्ड पुढे करू नये. प्रत्येक बाबीचा तपशील देणारे बिल मागावे. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने ना-नफा तत्त्वावरील रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे भाग पाडले आहे. त्या धोरणात परदेशी पाहुणे बसतात की नाही, हे प्रत्येक रुग्णालयागणिक निराळे असते. पण अर्ज केल्याशिवाय ते कळत नाही. सवलत मागणे, हप्ते बांधून घेणे यांत तेथे कमीपणा मानला जात नाही. रुग्णालयातील समाजसेविका अशा कामी मार्गदर्शन करते. तिची भेट मागून घ्यावी.

यापेक्षा श्रेयस्कर मार्ग म्हणजे निघण्यापूर्वी विमा उतरवणे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी तशी सक्ती नाही, म्हणून तेथेच दुर्लक्ष होते. विमा घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. एक, पॉलिसी प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम देणारी आहे की प्रत्यक्ष खर्चाचा मोठा भाग उचलणारी आहे. पहिला प्रकार स्वस्त असतो, पण अमेरिकेतील खर्चापुढे तो तोकडा पडतो. दोन, आधीपासून असलेल्या आजारांबाबत काय लिहिले आहे. पुष्कळ पॉलिसी मधुमेह-रक्तदाबाचे नेहमीचे उपचार वगळतात आणि त्यातून अचानक उद्भवलेल्या तीव्र प्रसंगाचाच खर्च देतात, तोही वयाच्या मर्यादेत. तीन, दाखल झाल्यावर कंपनीला किती वेळात कळवायचे आहे. अर्जात मधुमेह लपवून हप्ता वाचवणे ही फसवी काटकसर होय. तो लपवला म्हणून दावा फेटाळला गेला, तर भरलेला हप्ताही वाया जातो. ज्यांनी आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड घेतले आहे, त्यांनीही लक्षात घ्यावे की पासष्टी उलटलेल्या नव्या रहिवाशाला, तेथे नोकरीचा इतिहास नसल्यास, मेडिकेअर विकत घेण्यासाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते.

सर्वच दुखण्यांना तातडीचा विभाग लागत नाही, हेही खरे. ताप, घसा, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ यांसाठी ‘अर्जंट केअर’ नावाची केंद्रे असतात. तेथील खर्च पुष्कळच कमी असतो. मात्र छातीत दुखणे, श्वास कोंडणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे, डोक्याला मार लागणे, न थांबणारा रक्तस्राव यांत काटकसर करू नये.

चौथा संकोच आचारधर्माचा आहे, आणि त्याविषयी समाजात उघडपणे बोलले जात नाही. रुग्णालयात नेले तर काय खायला घालतील, कशापासून केलेली औषधे देतील, या शंकेने काही ज्येष्ठ मंडळी जाण्याचेच टाळतात. या शंकेला माहितीने उत्तर दिले पाहिजे. रक्त गोठू नये म्हणून देण्यात येणारे हेपारिन हे औषध आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून तयार होते. काही परिस्थितींत कृत्रिमरीत्या बनवलेले पर्यायी औषध देता येते, पण सर्वच प्रसंगी नाही. बऱ्याच कॅप्सूलचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते; काहींना वनस्पतिजन्य आवरणाचा किंवा गोळीचा पर्याय असतो. हृदयाची कृत्रिम झडप प्राण्याच्या ऊतीची असू शकते, तशीच धातू-कार्बनचीही असते. इन्सुलिनविषयीची जुनी भीती मात्र आता बाळगण्याचे कारण उरलेले नाही. १९८२ पासून मानवी इन्सुलिन प्रयोगशाळेत जीवाणूंच्या साहाय्याने तयार होऊ लागले आणि आज तशाच प्रकारचे सर्वत्र वापरले जाते. जीव वाचवण्याच्या घटकेत कोणते औषध स्वीकारायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. तो आपल्या डॉक्टरांशी, गरज वाटल्यास साधु-साध्वींशीही, शांतपणे बोलून आधीच ठरवावा आणि लिहून ठेवावा. रुग्णवाहिकेत तो विचार करण्यास सवड नसते.

आहाराबाबतही केवळ ‘व्हेजिटेरियन’ म्हणणे पुरत नाही. तेथे त्या शब्दात अंडे बसते. शस्त्रक्रियेनंतर जो पातळ आहार देतात, त्यात कोंबडीचे सूप आणि जिलेटिनची रंगीत जेली हमखास असते. ‘मांस, मासे, अंडी, जिलेटिन चालत नाही, कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे चालत नाहीत, दूध चालते’ असे इंग्रजीत छापलेले कार्ड परिचारिकेकडे द्यावे. बहुतेक रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात आणि अशा सूचनांची नोंद घेतली जाते.

उपवास आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन पाळणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. शिकागोत जूनमध्ये सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात सायंकाळी साडेचारच्या आतच. जेवणाची वेळ अशी चार तासांनी सरकली आणि मधुमेहाची औषधे मात्र जुन्याच वेळी घेतली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखर फार उतरली की बोलणे अडखळते, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि पाहणाऱ्याला पक्षाघाताचा भास होतो. उपवास चालू असल्याचे डॉक्टरांना संकोच न करता सांगावे; ती माहिती मिळाली तर निदान लवकर होते.

अमेरिकेबाहेर असणाऱ्यांसाठी काही मोजक्या गोष्टी. ब्रिटनमध्ये तातडीचा क्रमांक ९९९ आहे. तो १९३७ साली लंडनमध्ये सुरू झाला. कमी गंभीर आजारांच्या सल्ल्यासाठी १११ आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या तातडीच्या विभागातील उपचारांचे पैसे पाहुण्यांकडूनही घेतले जात नाहीत. पुढे दाखल करून घेतल्यावर मात्र त्यांना शुल्क लागते. युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२ चालतो. ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११, सिंगापुरात ९९५, संयुक्त अरब अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८, सौदी अरेबियात ९९७. आखाती देशांत जाणाऱ्यांनी औषधांबाबत विशेष काळजी घ्यावी : ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके वा खोकल्याची औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत आणि ती परवानगीविना नेणे हा गुन्हा ठरतो.

नोकरी किंवा शिक्षणानिमित्त परदेशी असलेला एकटा तरुण संकटात सापडला, तर भारतीय दूतावासाचाही आधार असतो. २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजू व पात्र नागरिकांना तातडीच्या उपचारांसाठी साहाय्य दिले जाते. २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या व्यवस्थेत गाऱ्हाणे नोंदवता येते. मूल रुग्णालयात असताना आईवडिलांना तातडीने अमेरिकेत जायचे असेल, तर तेथील डॉक्टरांचे पत्र जोडून व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अलीकडे आणण्याची विनंती करता येते. दूतावास मात्र रुग्णवाहिका नव्हे. तो पहिला फोन नसून नंतरचा आहे.

आता तयारीविषयी. तहान लागल्यावर विहीर खोदण्यात अर्थ नाही. एका कागदावर पुढील माहिती इंग्रजीत टंकलिखित करून घ्यावी : नाव, जन्मतारीख, आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, ॲलर्जी, चालू औषधे व त्यांच्या मात्रा, गावच्या डॉक्टरांचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, मुलांचे क्रमांक. औषधांची नावे दुकानातली नव्हे, तर मूळ द्रव्याची लिहावीत. भारतातील व्यापारी नावे तेथील डॉक्टरांना कळत नाहीत. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून ओळखले जाते. ही दोन निराळी औषधे समजून दोन्ही घेणाऱ्याच्या यकृतावर घाला पडतो. दम्याचे साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते. ब्रिटनमध्ये रक्तातील साखरेचे मापही निराळे. येथील १८० हा आकडा तेथे १० असा येतो. अमेरिकेत नेताना औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि तीन महिन्यांना पुरतील इतपतच न्यावीत. येथील चिठ्ठीवर तेथील दुकानदार औषध देत नाही. हा कागद फ्रिजच्या दारावर लावावा आणि त्याची दुसरी प्रत पाकिटात असावी.

परदेशी असलेल्या मुलांचीही एक जबाबदारी आहे. आईवडील आल्यावर त्यांना नायगारा दाखवण्यापूर्वी घरातला पत्ता वाचायला शिकवावे, फोनचे कुलूप उघडायला शिकवावे, जवळचे रुग्णालय दाखवून आणावे आणि ‘पैशांचा विचार करू नका, आधी ९११ करा’ असे तोंडाने, स्पष्ट शब्दांत सांगावे. आईवडील हे वाक्य मुलांच्या तोंडून ऐकल्याशिवाय फोन उचलत नाहीत. त्यांच्या संकोचाची किल्ली मुलांच्याच हाती असते.

उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि जैन संघटनांचा महासंघ ‘जैना’ या दोन्ही संस्था १९८१ साली स्थापन झाल्या. त्यांच्याशी जोडलेल्या स्थानिक मंडळांतून आणि जैन केंद्रांतून आपल्या भाषेची आणि आचाराची माणसे भेटतात. रुग्णालयात चालेल असा डबा पोचवणे, सोबतीला बसणे, घरी नेऊन सोडणे अशी कामे ओळखीच्या माणसांकडूनच होतात. म्हणून गेल्या गेल्या, प्रकृती चांगली असतानाच, एखाद्या रविवारी केंद्रात जाऊन परिचय करून घ्यावा. जीव वाचवण्याचे काम यंत्रणेचे. धीर देण्याचे काम माणसांचे. दोन्ही लागतात, पण क्रम चुकता कामा नये.

संस्थांनीही यात भाग उचलावा. प्रवासास निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचे शिबिर घेऊन माहितीचा कागद भरून देणे आणि छाती दाबण्याचा सराव करून घेणे हे कोणत्याही ट्रस्टच्या आवाक्यातील कार्य आहे. त्याचा लाभ येथेही होईल. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे, आणि तरीही छातीत कळ आलेला माणूस आधी मेहुण्याच्या गाडीची वाट पाहतो. सवय येथे बदलली, तर तिकडे वेगळी शिकवावी लागणार नाही.

दुसऱ्यास साहाय्य करणे हे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कर्तव्य मानले. औषधालये, धर्मशाळा, पांजरपोळ उभे राहिले ते याच भावनेतून. परंतु देणाऱ्यांच्या या समाजाला मागणे जड जाते. आपल्या देहाविषयी कर्तव्य पार पाडण्यासाठी वेळेवर मदत मागणे ही याचना नव्हे. ज्या आजींनी घड्याळाकडे पाहिले, न घाबरता तीन आकडे फिरवले आणि मोडक्या उच्चारांत पत्ता वाचला, त्यांनी आपल्या माणसाचा जीव वाचवण्याचा अर्धा भार उचललेला असतो. उरलेला अर्धा उचलण्यासाठी अनोळखी माणसे दारात येऊन उभी राहतात.

जय जिनेंद्र.